घरघर थांबली

आमच्या पुढच्या खोलीत सोफा नाही. सोफ्याच्या जागी पिनबॉलचं मशीन आहे. येणारा माणूस आधी मशीनकडे बघतो, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि हळूच विचारतो, "काका, तब्येत बरी आहे ना?" माझी तब्येत ठणठणीत आहे. बिघडली ती हिची.

एका सकाळी हिचा उजवा हात झोपेतून उठलाच नाही. बाकीची ही उठली. जरा वाकडी, जरा जड जिभेची, पण उठली. पुढे पाय सुधारला. जीभही बऱ्यापैकी वळायला लागली, आणि माझ्या बाबतीत तर पूर्वीसारखीच वळायला लागली. हात मात्र दुसऱ्या कुणाची तरी वस्तू चुकून मांडीवर राहिल्यासारखा पडून राहिला. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी तिला एक रबरी चेंडू दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बोटं आत्ता हलवली तरच हलतील. एकदा मूठ आखडली की उघडायची आशा सोडा. पण त्यांनी स्वतः मनावर घ्यायला हवं."

हिने मनावर घेतलं नाही. हिने तो चेंडू डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. नेम चांगला होता. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या बाल्कनीतली कुंडी फुटली. आमचे आणि त्यांचे संबंध तिथपासून बिघडले. आम्ही त्यांना 'खालचे' म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते मी जिन्यात ऐकलं आहे, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

मी नोकरीत असताना एका खेळांच्या हॉलवर देखरेखीला होतो. काचा पुसायच्या, अडकलेली नाणी काढून द्यायची, हरलेल्या पोरांच्या बापांची समजूत घालायची. तो हॉल कायमचा बंद होतो आहे असं कळलं, म्हणून हिला घेऊन शेवटचा बघायला गेलो. अर्धी मशीनं गेली होती. कोपऱ्यातल्या पिनबॉलसमोर ही थांबली. ज्यांनी पिनबॉल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: काचेखाली एक उतरतं टेबल असतं, त्यावर पोलादी गोळी धावते आणि ती घसरून खालच्या भोकात पडू नये एवढाच खेळ. मशीनच्या दोन्ही कडांना एकेक बटण असतं. ते दाबलं की आतली पट्टी उडते आणि गोळीला वर हाकलते. आम्ही हॉलवाले त्या पट्ट्यांना 'हात' म्हणायचो. डावा हात, उजवा हात. या मशीनचा डावा हात 'खट्' वाजायचा आणि उजवा 'थप्', कारण उजव्याला कुणीतरी भलत्याच मशीनचं रबर बसवलं होतं.

ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे दाबायचं?"

आजारपणानंतर तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी सगळे प्रश्न मी विचारत होतो आणि ती मानेने उत्तरं देत होती. मी तिथल्या तिथे मालकाला गाठलं आणि मशीन मागितलं. मालक लगेच 'न्या' म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मशीन घरात कसं आलं, दाराची चौकट कशी निघाली आणि सोफा कुणाच्या घरी गेला हे सांगत बसत नाही. आलं. मालकाने ते नाण्याशिवाय चालेल असं करून दिलं होतं. ही रोज दुपारी त्याच्यापुढे उभी राहायला लागली. पहिल्याच दिवशी तिने मला स्वयंपाकघरात पिटाळलं. "मागे उभे राहू नका. मान भाजते." तेव्हापासून ती पुढे खेळायची आणि मी आत कांदा चिरत बसायचो. तिचं झालं की विचारायचो, "बोटं चालली का?" ती मान डोलवायची. मला त्या मानेचा केवढा आधार वाटायचा! व्यायामवाल्या बाईंनाही मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. थांबू देऊ नका."

थांबू देऊ नका, हे त्यांनी सांगितलं. पण बाकी सगळी दुनिया थांबवायच्याच मागे लागली. कारण पंखा.

मशीनच्या पोटात एक पत्र्याचा डबा असतो. भिंतीतली वीज या डब्यात शिरते आणि मशीनला पचेल अशी होऊन बाहेर पडते. या कामात डबा तापतो, म्हणून त्याला तळहाताएवढा पंखा असतो. हॉलमध्ये चाळीस मशीनं एकदम किंचाळायची, तिथे हा पंखा कुणाच्या खिजगणतीत? बाजारात कुजबूज ऐकू येत नाही. पण आमच्या पुढच्या खोलीत त्याने कंठ मोकळा केला. सुरू होताना गुरगुर, मग चढती शिट्टी, आणि एकदा वेग धरला की अखंड घरघर. त्या घरघरीत हिच्या खेळाचा आवाजही मला धड ऐकू यायचा नाही. आत कुठेतरी खडखड चालली आहे एवढंच कळायचं.

खालचे वर आले. बुटके गृहस्थ, पण आवाज दोन मजल्यांचा.

"काय चाललंय हे? गिरणी टाकलीत का घरात?"

"व्यायाम आहे," मी म्हणालो.

"कोण करतंय व्यायाम? रोडरोलर?"

"आमची ही."

हिच्याबद्दल त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. पण माणसाला एकाच वेळी वाईट वाटणं आणि डोकं दुखणं दोन्ही होऊ शकतं, आणि त्यात डोकं जिंकतं. त्यांनी सोसायटीकडे तक्रार केली.

सोसायटीच्या सभेतला अर्धा वेळ 'हे नेमकं आहे काय' यावर गेला. अध्यक्षांना शिस्त प्रिय आहे.

"फर्निचर असेल तर हरकत नाही," ते म्हणाले. "यंत्र असेल तर परवानगी लागेल. खेळणं असेल तर घरात मूल आहे का, हा प्रश्न येतो."

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, कुणी बोलावलेलं नसताना माझ्याशेजारी येऊन बसला होता. तो म्हणाला, "औषध म्हणून लिहा ना."

"औषध आवाज करत नाही," अध्यक्ष म्हणाले.

शेवटी असं ठरलं, की पुढच्या सभेपर्यंत एकतर आवाज मर्यादेत असल्याचा सरकारी दाखला आणायचा, नाहीतर आवाज बंद करायचा, नाहीतर मशीन इमारतीबाहेर काढायचं. मी घरी येऊन हिला सांगितलं. ती डाव्या हाताने मशीनची काच पुसत राहिली.

दाखल्यासाठी मी आवाज मोजणाऱ्या कचेरीत गेलो. एका खिडकीवर कारखाने होते, दुसरीवर वाहनं, तिसरीवर कर्णे आणि सभा. चौथी बंद होती. मी तिसरीवर रांग लावली.

"कशाचा आवाज?" कारकुनाने विचारलं.

"घरातला पंखा आहे. छोटा."

"घरगुती आवाज आमच्याकडे येत नाही."

"मग घरगुती आवाजाचं काय करायचं?"

"घरातच मिटवायचं," तो म्हणाला. त्याच्याही घरात काही चालू असावं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग त्याला माझी दया आली. त्याने सुचवलं, की घराची कारखाना म्हणून नोंद केलीत तर आमचा माणूस येऊन मोजेल. मात्र कारखाना म्हटलं की किमान एक कामगार दाखवावा लागेल. मी हिला कामगार दाखवायच्या विचारात होतो, इतक्यात तो म्हणाला की आजारी माणसाला यंत्रावर उभं केलं तर मालकावर खटला होतो. मी खिडकी सोडली. वाटेत लक्षात आलं, की क्षणभर का होईना, मी हिचा मालक होण्याच्या बेतात होतो. लग्नानंतर इतक्या वर्षांत ही संधी पहिल्यांदाच आली होती आणि तीही कायद्याने हुकली.

मग उपाय सुरू झाले. समोरच्या शिलाईवाल्या काकू म्हणाल्या, "अहो, तेल घाला. आमचं मशीन तेलावरच तर चालतं." त्यांनी मशीनच्या तेलाची बुधली दिली आणि थेंबभरच घाला असं बजावलं. थेंब म्हणजे किती यावर आमचं एकमत नसावं. मी पंखा सुरू केला तेव्हा त्याने ते सगळं तेल आतल्या तारांवर, काचेच्या खालच्या बाजूवर आणि माझ्या चष्म्यावर वाटून टाकलं. घरघर थांबली नाही. ती फक्त ओली झाली. जुना खोकला सुटल्यावर येतो तसा आवाज यायला लागला.

मेहुण्याचं मत पडलं, की दोष पंख्याचा नाही, थरथरीचा आहे. "भावजी, थरथर खायला रबर लागतं." त्याने रबर शोधलं ते माझ्या चपलेत. चांगली, सवयीची झालेली चप्पल. तिच्या तळाच्या चकत्या कापून त्याने डब्याच्या चारी स्क्रूंखाली सरकवल्या. रबराने थरथर खाल्ली यात वाद नाही, पण पचवली नाही. ती सगळी मशीनच्या पायांतून जमिनीत उतरली. थोड्याच वेळात खालचे दारात उभे राहिले.

"आधी आवाज कानात येत होता," ते गालावर हात ठेवून म्हणाले, "आता दातांत येतो."

मी अनवाणी त्यांच्यासमोर उभा होतो. अनवाणी माणसाला वाद घालता येत नाही.

नंतर आम्ही गोधड्या गुंडाळल्या. मशीन शांत वाटलं, पण गोधडीला जळका वास यायला लागला आणि गोधड्या काढाव्या लागल्या. तेव्हा मेहुणा म्हणाला, "मुळात पंखा हवाच कशाला? आपण घरात दोघं-तिघं असतो, आपल्याला उकडतंय का?" त्याने पंख्याची तार काढून टाकली. काय ती शांतता! मी हिला हाक मारली. मेहुण्याची बडबड ऐकून ती आधीच उठून आली होती. तिने गोळी सोडली, ती वर गेली, आणि ती खाली यायच्या आत डब्याने तापून प्राण सोडला. दिवे गेले. काचेआड अंधारात गोळी घरंगळत आली आणि भोकात पडली.

ही वळून आत गेली. त्यानंतर बरेच दिवस ती पुढच्या खोलीत आलीच नाही. जेवणही आत. व्यायामवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "सध्या जरा बंद आहे." त्या म्हणाल्या, "हे दिवस पुन्हा येत नसतात हो काका." त्या चांगल्याच स्वरात म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर मी आत डोकावलं तर ही भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिची उजवी मूठ पांघरुणावर होती. मिटलेली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलीचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. ती सदा ओठांत स्क्रू धरून बोलते, म्हणून आम्ही तिला 'स्क्रूवाली' म्हणतो. तिच्याकडे मी आधीच का गेलो नाही? कारण मेहुणा म्हणाला होता, "ती लुबाडते." मेहुण्याने माझी चप्पल कापली, गोधडी, डबा सगळं घालवलं, पण लुबाडलं नाही हे खरं.

ती आली. डब्याला हात लावायच्या आधी तिने भिंतीतली पिन उपटली आणि डब्याकडे संशयाने बघत थोडा वेळ नुसती बसली. मग आत वाकून बघितलं.

"पंखा कुणी बंद केला?"

मी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा छताकडे बघत होता.

"डब्याला श्वास लागतो काका. नाक दाबून ठेवाल तर मरेलच ना?"

"पण फार जोरात घोरतो गं."

"लहान आहे म्हणून. लहान पंख्याला तेवढीच हवा फेकायला जीव तोडून फिरावं लागतं, मग तो बोंबलतो. मोठा बसवू. मोठा आरामात फिरतो."

मला खालच्यांच्या उंचीची आठवण झाली, पण बोललो नाही. तिने नवा डबा आणि त्यावर बशीएवढा पंखा बसवायचं ठरवलं. पंखा जुन्या जागेत मावेना, म्हणून पत्रा कापून चौकट केली. सगळं बसवून ती दुसरा स्क्रू आणायला दुकानात गेली, तेवढ्यात मेहुण्याने पंख्यासमोर कागदाची पट्टी धरून पाहिली आणि जाहीर केलं, की पंखा उलटा बसवला आहे; हवा आत यायला हवी, हा बाहेर फेकतोय. ती परत येईपर्यंत त्याने तो स्वतःच्या मते सुलटा केला. डबा पुन्हा तापला आणि बंद पडला. स्क्रूवालीने डबा निवू दिला आणि पंखा फिरवून पूर्ववत बसवला. तोंडातले स्क्रू काढून ठेवले. मग मेहुण्याला म्हणाली, "काका, तुमचं घर कुठलं?" मेहुण्याने सांगितलं. "मग तिकडे जा ना," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी मशीन सुरू केलं. दिवे लागले. आवाज नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा गेलं. कान लावला तर आत लांबवर कुणीतरी पुस्तकाची पानं उलटत असावं एवढीच सळसळ. मी तिथेच खाली बसलो. आनंदाने बसलो की गुडघ्याने बसवलं ते सांगता येणार नाही. ही आत झोपली होती. उठवावंसं वाटलं नाही. उठेल तेव्हा बघेल म्हटलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मला ते सगळ्यांना सांगायचं होतं.

खाली जिन्यापाशी सोसायटीचा फळा आहे. मी अक्षरं फार उशिरा शिकलो, आणि तीही हिच्याकडून. उशिरा शिकलेल्या माणसाला रिकामा फळा दिसला की त्याचा हात शिवशिवतो. एरवी मी काहीही लिहिलं तरी आधी हिला दाखवतो. ती चूक काढते, मी खोडतो. त्या सकाळी ती झोपली होती. मी खडू घेतला आणि सरकारी सूचनांत असते तशी भारदस्त भाषा जुळवून, ठळक अक्षरांत लिहिलं:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आमच्या घरातील घरघर आज सकाळी थांबली. आता सर्व शांत झाले आहे. आजवर आपणांस झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी. आता कोणीही काळजी करू नये.'

खाली सही केली. एकही काना चुकला नव्हता. दोन पावलं मागे जाऊन मी ते पुन्हा वाचलं आणि मला फार बरं वाटलं.

मी वर येऊन हातपाय धुतो आहे तोच दार वाजलं. अध्यक्ष होते. मागे शिलाईवाल्या काकू, त्यांच्या मागे खालचे, आणि जिन्यात आणखी माणसं. सगळ्यांच्या माना खाली. माझ्या मनात आलं, एका पंख्यासाठी केवढा हा जिव्हाळा! मी त्यांना आत घेतलं. बसायला सोफा नसल्यामुळे सगळे मशीनभोवती उभे राहिले. मशीन गुपचूप चालू होतं, त्याचे दिवे त्यांच्या पडलेल्या चेहऱ्यांवर लाल-निळे होत होते.

खालच्यांनी पुढे होऊन माझा हात हातात घेतला. "सुटका झाली म्हणायची," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"सगळेच सुटलो," मी म्हणालो.

ते जरा दचकले. "शेवटी... त्रास झाला का फार?"

"शेवटी नाही. त्याआधी मेहुण्याने उलटं केलं, तेव्हा जरा तापलं."

"उलटं केलं?"

"हो ना. मग त्या मुलीने येऊन सुलटं केलं आणि लगेच शांत झालं. बघतच राहिलो."

खालच्यांनी माझा हात सोडला. शिलाईवाल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांना कुठेही चार माणसं जमली की बोलावंच लागतं. "काकू म्हणजे," ते म्हणाले, "शांत स्वभाव. कधी कुणाला उलट शब्द नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात." मी चकितच झालो. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत.

"आता पुढचं काय ठरवलंय?" खालच्यांनी अगदी हळू विचारलं. "आमची काही मदत?"

"कसली मदत? जुना पिशवीत घालून बाल्कनीत ठेवलाय. भंगारवाला आला की देऊन टाकतो."

तेवढ्यात आतल्या खोलीतून काठीची ठकठक आली. पडदा बाजूला झाला आणि ही दारात उभी राहिली. केस विस्कटलेले, अंगावर शाल. तिने खालच्यांकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, काकूंच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघितलं आणि काळजीने मला विचारलं:

"कोण गेलं?"

शिलाईवाल्या काकू किंचाळल्या. खालचे मशीनच्या काचेवर रेलले. अध्यक्षांनी फळ्यावरचं मनातल्या मनात पुन्हा वाचलं असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

"पंखा," शेवटी तेच म्हणाले. "पंखा गेला काकू. आम्ही भेटायला आलो होतो."

ही थोडा वेळ बिनआवाजाच्या मशीनकडे बघत राहिली. "बरा होता," ती म्हणाली.

आता एवढं झाल्यावर लोकांना नुसतं परत जायला तोंड उरलं नव्हतं. सगळेच एकदम गोड बोलायला लागले. खालचे तर फारच. "वहिनी, आता आलोच आहोत तर खेळून दाखवा! आम्हीही बघू, ज्याच्यासाठी भांडलो ते आहे तरी काय."

"आत्ता नको," ही म्हणाली.

"अहो, खेळा ना!"

"नको म्हटलं ना."

"अगं खेळ," मी म्हणालो. "बघू तरी दे त्यांना. एवढा खटाटोप केला तो कशासाठी?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही आत जा. चहा टाका."

मी आत गेलो. आधण ठेवलं. बाहेर माणसं बाजूला सरकली, काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, गोळी सुटली. नव्या पंख्याची कमाल अशी, की स्वयंपाकघरात गोळीचं घरंगळणंसुद्धा ऐकू येत होतं. खट्. लोक 'वा!' म्हणाले. खट्. खट्. 'शाबास वहिनी!' पुन्हा गोळी सुटली. खट्. मी साखरेचा डबा हातात धरून उभा राहिलो. आता उजवीकडून येईल, मग 'थप्' वाजेल. गोळी उजवीकडून आली. मी ती येताना ऐकली. ती तशीच भोकात गेली. लोक हळहळले. पुन्हा सुटली. खट्. खट्. खट्.

चहा उतू गेला. तोवर मी थप् ऐकण्यासाठी थांबलो होतो.

बाहेर टाळ्या पडत होत्या. कुणाला काय कळणार? त्यांना वाटलं, एका बटणाचाच खेळ असतो. चहा पिऊन, पुढच्या सभेत हा विषय येणारच नाही असं आपणहून सांगून ते सगळे गेले. खालच्यांनी तर जाताना मशीनला हात लावून बघितला.

दार लावून मी मशीनच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. तिचा उजवा हात बटणावर होता. होता म्हणजे ठेवलेला होता, शालीखाली झाकून.

"एकदाही नाही?"

"नाही."

"मग मी विचारायचो तेव्हा मान का डोलवायचीस?"

ती शब्द जुळवत राहिली. "तुम्ही कांदा चिरता चिरता विचारायचात," ती म्हणाली. "विचारलंत की सुरी थांबायची. मान हलवली की परत चालायची."

पंखा बदलायला नको होता, असं काहीतरी मी म्हणालो असेन.

"तोंड बंद करा आणि इथे दाबा," ती म्हणाली. तिने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलून शालीत घेतला आणि मला जागा करून दिली. मग डावा हात आडवा नेऊन उजवीकडचा दांडा ओढला आणि गोळी सोडली. गोळी वर गेली, दिव्यांना धडकली, डावीकडून उतरली. खट्. मग माझ्या बाजूला आली. मी दाबलं.

"लवकर दाबलंत."

पुढच्या वेळी मी थांबलो.

"उशीर केलात."

त्यापुढच्या वेळी मी डोळे बारीक करून, श्वास धरून, बरोबर वेळेवर दाबलं असं माझं ठाम मत आहे. थप् वाजलं. गोळी माझ्या पट्टीखालून शांतपणे निघून गेली.

हिने मान हलवली. "तुमच्या हातापेक्षा माझाच बरा," ती म्हणाली आणि पुढची गोळी सोडली.